पाण्यापुरता पूल

मेजरमामा एखाद्या पुलावरून सरळ निघून गेले, असं मी कधी पाहिलं नाही. ते आधी पुलाखाली जायचे.

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं तेच मुळी पुलाखालून वर येताना. एकोणीसशे पन्नासच्या दशकाचा मध्य असेल. मी तंजावरात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. शेजारच्या घरातले माधवराव, म्हणजेच मेजरमामा, फौजेतून निवृत्त होऊन कायमचे परत येणार होते. त्यांना आणायला वडिलांनी मला झटका घेऊन स्टेशनवर पाठवलं. झटका म्हणजे आमच्याकडची एका घोड्याची गाडी. ट्रंक चढली, वळकटी चढली, गाडी निघाली. कालव्यावरच्या पुलाशी आल्याबरोबर मामांनी गाडीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून ते काठाने खाली उतरले आणि दिसेनासे झाले. वर आले तेव्हा त्यांच्या केसांत कोळिष्टकं होती आणि चेहरा प्रसन्न होता.

"बरा आहे. दोन माणसं पुरतील."

"रिपेरीला, सार?" गाडीवाल्याने आदराने विचारलं.

"पाडायला."

गाडीवाल्याने घोड्याला असा काही चाबूक मारला की ट्रंक माझ्या पायावर आली. संध्याकाळपर्यंत पश्चिम राजवीधीत, म्हणजे आमच्या रस्त्यावर, बातमी पसरली की पूल पाडणारे एक साहेब राहायला आले आहेत, तेव्हा पोरांना सांभाळा.

मामांनी सगळी नोकरी फौजेच्या इंजिनियरांत काढली. आसामातले ओढे, ब्रह्मदेशाची सरहद्द, मग काश्मीर. बांधणारा हात आणि पाडणारा हात तिथे एकच असतो. आज रात्रीत उभा केलेला पूल उद्या शत्रू आला तर आपल्यालाच उडवायचा असतो, म्हणून तो बांधतानाच कुठे तोडायचा हे ठरवून ठेवायचं. त्यांच्या डोळ्यांना ही सवय कायमची लागली होती. माझ्या आत्याबाईंच्या माडीवर पाहुणे म्हणून गेले तरी जिन्याखाली डोकावून यायचे. फक्त मोठ्या देवळासमोर त्यांनी हात टेकले. गोपुराखालून आत गेले, विमानाला, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखराला, दोन प्रदक्षिणा घातल्या, मान मागे टाकून कळसापर्यंत पाहिलं आणि आनंदाने म्हणाले, "हें मला जमायचें नाहीं." कावेरीमामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारीच हात जोडून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "देवाला हें सांगायला आलां कीं काय इथें?"

आम्ही तंजावरचे मराठी लोक. आमचं मराठी राजांच्या फौजांबरोबर घाट उतरून आलं आणि मग मागे वळून त्याने कधी पाहिलं नाही. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, कचेरीत इंग्रजी. देवनागरी वाचणारे आमच्यात थोडे. मामा खडकीला बरीच वर्षं होते. तिथे एका साताऱ्याच्या हवालदाराने त्यांचं बोलणं ऐकून विचारलं होतं, "साहेब, तुम्ही आधी कीर्तनं करत होता का?" मामांना ते फार लागलं. त्यांनी जिद्दीने पुण्याचं मराठी शिकून घेतलं आणि तेच बोलत घरी आले. मामींनी ते दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी कॉफीचा टंबलर पुढे करत त्या म्हणाल्या, "हें पुण्याचें बोलणें पेटींत ठेवा. घरांत घरचें बोला." मामांनी ठेवलं. मला मात्र त्यांनी त्या पेटीतून बरंच काही काढून दिलं. हा लेख मी ज्या भाषेत लिहितो आहे ती मी त्यांच्या ओट्यावर बसून शिकलो.

त्या ओट्याचीही एक गोष्ट आहे. वीस-बावीस वर्षं मामा घरी आले ते रजेवर. तीन मुली झाल्या, वाढल्या, दोघींची लग्नं झाली, आणि हे सगळं मामींनी एकटीने केलं. निवृत्त होऊन आल्यावर मामांनी घराची पाहणी केली आणि पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या फळ्या नव्या पद्धतीने लावल्या. जड भांडी खाली, हलकी वर, रोज लागणारी हाताच्या टप्प्यात. पद्धत चुकीची नव्हती. पण संध्याकाळी मामींना हिंगाची डबी सापडेना. त्यांनी चूल तशीच सोडली, बाहेर आल्या आणि आमच्या देखत निकाल दिला: "हें स्वयंपाकघर आहे, छावणी नव्हे. तुम्हाला बाहेरची तिण्णई दिली. तिथें जें बांधायचें तें बांधा आणि जें पाडायचें तें पाडा."

तिण्णई म्हणजे दारापुढचा ओटा. मामांनी तो हुकूम मानला. तिथे त्यांनी झोपाळा केला, खाट केली, नातवंडांसाठी पाळणा केला. एकाही वस्तूत खिळा नव्हता. सगळं काथ्याच्या दोरांनी बांधलेलं, सगळ्या तुकड्यांवर रंगाने आकडे घातलेले. "खिळा ठोकला कीं लाकूड मेलें," ते म्हणायचे, "दोर सोडला कीं लाकूड पुन्हां लाकूड." नातवंडं गावी परत गेली की पाळणा सुटा होऊन माळ्यावर जायचा.

धाकटी मुलगी सुगुणा तेव्हा शाळेत होती. मुलींचं बालपण आपल्या हातून निसटलं याची रुखरुख मामांना असावी. ते कधी बोलले नाहीत. पण त्यांनी सुगुणाची वेणी घालायचं काम मागून घेतलं. रोज सकाळी तिण्णईवर बाप मागे, लेक पुढे. वेणी अशी घट्ट की सुगुणाच्या भुवया वर ओढल्या जायच्या आणि ती दिवसभर आश्चर्यचकित दिसायची.

"अप्पा, दुखतें!"

"ओझें कुठें जातें तें बघितलें पाहिजे. मान सरळ ठेव."

ती वेणी रात्री मामींनाही सुटायची नाही, कारण तिच्यात मामांची फौजेतली गाठ असायची. शेवटी मायलेकी मामांना हाक मारायच्या, मामा येऊन एक टोक ओढायचे आणि वेणी पाण्यासारखी उलगडायची. मला वाटतं, त्यांना त्या हाकेसाठीच ती गाठ हवी असे.

मामा शब्द सहसा देत नसत. माझ्या आईने विचारावं, "रविवारीं जेवायला येतां कीं?" तर ते म्हणायचे, "बघतों." दहा वेळा 'बघतों' म्हणणारा हा माणूस अकराव्या वेळी 'येतों' म्हणाला की आईने तांदूळ धुवायला घ्यावेत. याचं मूळ मामींनी मला सांगितलं होतं.

सुगुणा लहान असताना तिचे कान टोचायचे ठरले. लढाई नुकतीच संपलेली, मामा आसामात. त्यांनी कळवलं की येतों. कोणाला खरं वाटलं नाही. आमच्याकडे कान टोचताना मूल मामाच्या मांडीवर बसवतात; मामींचे भाऊ नवं धोतर नेसून तयार बसले होते, सोनार सुई तापवत होता, आणि दारात मेजरमामा उभे. मालगाडीतून आलेले, अंगावर कोळशाची भुकटी. सरळ आत आले, हात धुतले आणि मुलीला उचलून आपल्या मांडीवर घेतलं. मामींचे भाऊ उठून उभे राहिले. मांडीचा मान त्यांचा होता.

"भावोजी, हें काय? मी नवें धोतर नेसून बसलों आहे!"

"मी इतक्या लांबून आलों आहे."

"लांबून आलां म्हणून मामा झालां कीं?"

सोनाराने तोडगा काढला. उजवा कान मामाच्या मांडीवर, डावा बापाच्या. सुगुणा एका मांडीवर किंचाळली आणि दुसऱ्या मांडीवर रडून रडून झोपली. मेजरमामा पायसम प्याले, झोपलेली पोर मामींकडे दिली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. "आले काय आणि गेले काय," मामी म्हणाल्या, "पण येतों म्हणाले आणि आले."

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की पुढे त्यांनी जो शब्द दिला त्याचं वजन कळावं. त्या शब्दाने मला सहा-सात वर्षं जाळलं आहे.

मामांचं गाव ओरत्तनाडूच्या वाटेवर होतं. तिथे त्यांचे थोरले बंधू रघुनाथराव दोघांची सामायिक शेती बघत. वडिलांच्या श्राद्धाला मामा दरवर्षी जायचे. एका वर्षी मीही त्याच बसने निघालो. त्यांच्या पिशवीत दर्भ आणि तीळ होते, माझ्या पिशवीत शेतमजुरांच्या सभेची पत्रकं. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता आणि मला वाचायला येऊ लागलं तेव्हापासून मी पत्रकंच वाचत आलो होतो.

गावाला लागून पाट वाहतो. अलीकडे अग्रहाराची, म्हणजे ब्राह्मणांची वीधी; तिथे रघुनाथरावांची आणि इतर जमीनदारांची घरं. पलीकडे मजुरांची वस्ती, जिला तिकडे चेरी म्हणतात. चेरीचं मसण मात्र अलीकडच्या बाजूला. भातशेतीला पाणी सोडलेलं, पाट काठोकाठ. श्राद्धाआधी आंघोळ करायला मामा पायऱ्यांवर उतरले होते, मी वर उभा होतो. तेव्हा पलीकडच्या काठावरून एक तिरडी पाण्यात उतरली. माणिक्कमची आई गेली होती. माणिक्कम मामांच्याच शेतावर राबणारा. पाणी माणसांच्या गळ्याशी आलं, तशी त्यांनी तिरडी डोक्यावर धरली. मधेच एकाचा पाय घसरला, म्हातारीचा हात फडक्यातून सुटून पाण्याला लागला. माणिक्कमने तो हात दातांत धरून वर घेतला, कारण त्याचे दोन्ही हात तिरडीला होते.

मामा ओल्या धोतरानिशी तसेच उभे राहिले. श्राद्ध झालं, पितरांची पानं झाली, ब्राह्मण जेवून उठले. मग मामांनी भावाला विचारलं, "वरच्या अंगाला डिस्ट्रिक्ट बोर्डाचा पक्का पूल आहे कीं. त्यावरून कां जात नाहींत?"

"पुलावरून कोणी जाईना कां," रघुनाथराव सुपारी कातरत म्हणाले. "पूल संपला कीं आपली वीधी लागते. वीधींतून त्यांचें प्रेत कसें जाईल?"

परतीच्या बसमध्ये मामांनी बोटाने गुडघ्यावर पाटाची रेघ काढली. मग म्हणाले, "नारळीच्या बागेपाशीं काठ चांगला आहे. तिथून बांधानें थेट मसणांत जातां येईल. पूल घालतां येईल."

मी उसळलो. "मामा, पूल आहेच! नाही तो रस्ता. तुम्ही त्यांना मागच्या दाराने नेणार आणि वीधी सोवळीच राहणार. तुमच्या पुलाने अन्यायाची सोय होईल. उद्या तेच म्हणतील, तुम्हाला पूल दिला ना, मग रस्ता कशाला?"

"म्हणतील."

"मग?"

"रस्ता मिळेपर्यंत त्यांनीं मरायचें थांबावें कीं काय?"

मी पत्रक काढलं. पूल नको, रस्ता हवा. मामांनी ते तिण्णईवर बसून शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "अस्के खरें आहे," म्हणजे सगळं खरं आहे. "तूं लिहीत राहा. मी दोर बघतों." माणिक्कमलाही मी पत्रक दिलं. मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचा तो. म्हणाला, "तंबी, कागद चांगला आहे. रस्ता मिळाला तर आम्ही रस्त्याने जाऊ. पूल मिळाला तर पुलाने जाऊ. आम्हाला लाज नाही, दोन्ही घेऊ."

आजही मला वाटतं की माझं बरोबर होतं. त्यांचंही होतं, हे मात्र मी तेव्हा मानलं नसतं.

बाग दोघा भावांची, म्हणून थोरल्यांची संमती हवी. रघुनाथराव आठ दिवस नाही म्हणाले. वीधी आपल्याला वाळीत टाकील, पुरोहित दारात येणार नाही, सुगुणाला कोण करून घेईल? मामांनी शेवटी आपल्या धंद्यातला तोडगा काढला. फौजेत त्यांनी कायमचं असं काही बांधलंच नव्हतं.

"अण्णा, तात्पुरता पूल. पाणी सुटलें कीं बांधीन, पाणी बंद झालें कीं सोडीन. एक फळीही काठावर ठेवणार नाहीं. सामान तुझ्याच गोठ्यांत."

रघुनाथरावांनी डोळे बारीक केले. "शब्द?"

"शब्द."

मामींना हे कळलं तेव्हा त्या वाती वळत होत्या. "पूल बांधतां तें चांगलें करतां," त्या म्हणाल्या. "पण सोडण्याचा शब्द कशाला दिलां? तो कोणीं मागितला होता?"

मामा दोर मोजायला बाहेर गेले. ज्याला पूल म्हणजे एक दिवस काढायचीच वस्तू वाटते, त्याच्याच हातून ही चूक व्हावी.

पूल सुंदर झाला होता. ताडाच्या खोडांचे घोडे, म्हणजे खालचे आधार, वर फळ्या, काथ्याचे दोर, आणि तुकड्यातुकड्यावर आकडे. चेरीतली माणसं आणि मामा नुकत्याच सुटलेल्या, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दोर आवळत होते आणि वीधीतली माणसं लांबून बघत होती. त्यावरून पहिलं प्रेत निघालं तेव्हा वेगळाच पेच पडला. पुलावर पावलं तालात पडली की पूल हलतो, म्हणून फौजेत पुलावर चढताना ताल मोडतात. मामांनी फर्मावलं, ताल नको. पण प्रेतापुढे परई वाजते. ते मोठे डफ घरापासून मसणापर्यंत थांबवायचे नसतात, आणि परई वाजली की पावलं तिच्यावरच पडतात.

"अय्या, वाजप थांबलं तर म्हातारा उठून बसेल आणि विचारील," माणिक्कम म्हणाला.

"वाजप चालूं दे, पाय थांबव."

"ते दोन्ही एकाच माणसाला कसं जमेल?"

मामा काठावर बसून विचार करू लागले. प्रेत खोळंबलं, माणसं उन्हात उभी. मग मामांनी वाजवणाऱ्यांचे दोन भाग केले. अर्धे पलीकडेच थांबले, अर्धे आधी अलीकडे आले. पलीकडची परई वाजत राहिली, प्रेत पुलावर चढलं, खांदेकरी ताल मोडून मांजरासारखे चालत आले, आणि मधल्या फळीवर पाय पडल्याबरोबर पलीकडची परई थांबून अलीकडची सुरू झाली. परई क्षणभरही खंडली नाही आणि पूलही हलला नाही. पुढे तीच तिथली रीत झाली. आता नवी पोरं समजतात की हे पूर्वापार चालत आलं आहे.

मकरसंक्रांतीनंतर पाणी बंद झालं. मामा दुसऱ्या दिवशी गावात हजर. मी त्यांच्या मागे हात धुऊन लागलो होतो. "मामा, ठेवा तो पूल. कोणाला दिलाय शब्द? ज्यांनी रस्ता अडवला त्यांना! असल्या शब्दाला किंमत कसली?"

"शब्द कोणाला दिला यावरून त्याची किंमत ठरवायची म्हटलें तर मग मला सगळ्यांचीं तोंडें बघून बोलावें लागेल."

त्यांनी एक टोक ओढलं आणि पहिली गाठ सुटली. माणिक्कम एकेक फळी घेऊन गोठ्यात नेत होता. संध्याकाळी काठावर खुंटीही उरली नव्हती. कोरड्या पाटातून चालत जाता येतं, म्हणून उन्हाळ्यात अडत नसे. पण पूल काढून घेतलेला काठ फार नागडा दिसायचा. वीधीतली माणसं रघुनाथरावांच्या ओट्यावर पान खात हसत होती.

हे दरवर्षी चाललं. जूनमध्ये बांधायचा, जानेवारीत सोडायचा. सुगुणाचं लग्न झालं. तिला करून घेणारा कोइमतूरला भेटला, गिरणीतला इंजिनियर, आणि वीधीचं त्यावाचून काही अडलं नाही. मामांचे केस पिकले. पाण्यात उतरायचं त्यांनी सोडलं, काठावरून सांगायचे. वीधी बंद होती ती बंदच राहिली. मी सभा घेतल्या, अर्ज केले, एकदा मार खाल्ला. आज हे लिहितानाही ती उघडलेली नाही, आणि हे मी विसरलेलो नाही.

मग एका मे महिन्यात मामांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केली. जूनमध्ये पाणी सुटायच्या सुमारास माणिक्कम तंजावरला आला आणि तिण्णईखाली उभा राहिला. मामी म्हणाल्या, "वर बैस." तो पायरीवर बसला.

"थोरले अय्या गोठा उघडत नाहीत. मेजर स्वतः येऊन उभा राहील तर सामान देईन म्हणतात."

मामांनी मला गावाला पाठवलं. रघुनाथरावांनी मला उन्हातच उभं ठेवून सांगितलं, "करार माधवचा आणि माझा. शब्द त्याचा-माझा आहे. मधें तिसरा नको. त्याला यायला सांग."

त्यांना ठाऊक होतं की मामा येऊ शकत नाहीत. मी परत येऊन हे सांगितलं तेव्हा मामा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. माणिक्कम उठला. "बरं अय्या," एवढंच म्हणाला. "तुम्ही निजा." तो गेल्यावर मामींनी दोनदा कॉफी आणली आणि दोनदा गार झालेली परत नेली.

नंतर गावाकडचं काही कळलं नाही. मी पुण्याला एका साप्ताहिकात नोकरी धरली. संक्रांतीला घरी आलो होतो, तेव्हा एका सकाळी रघुनाथराव स्वतः मामांच्या दारात आले. आमच्या वीधीत ते वर्षानुवर्षं आले नव्हते.

"मादू, पाणी बंद झालें. तुझा पूल उभा आहे."

मामा खाटेवर उठून बसले. "माझा पूल? मी बांधला नाहीं तर उभा कसा?"

"तें तूं येऊन बघ. मला एवढें ठाऊक कीं पूल आहे, आणि तूं शब्द दिला आहेस."

"भावोजी, त्यांना जिना चढवत नाहीं," मामी म्हणाल्या.

मामांनी वहाणा शोधायला पाय खाली सोडले होते. मामी ते पाहून आत गेल्या. थर्मासमध्ये कॉफी भरून तो माझ्या हातात दिला. "तूं जा बरोबर. आणि वाटेंत तुझें पत्रक वाचून दाखवूं नको. आधींच छाती दुखते."

मी काहीच वाचलं नाही. पण तास-सव्वा तासाच्या त्या प्रवासात माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. समोर एक आजारी, शब्दाचा पक्का माणूस. त्याच्या शेजारी त्याला पूल पाडायला घेऊन चाललेला भाऊ. आणि तिकडे चेरीने कसा कोण जाणे उभा केलेला पूल. मामा काढणार, याबद्दल मला शंका नव्हती. मी एकदा हळूच म्हटलं, "मामा, या वेळी नको." ते खिडकीबाहेर कापलेल्या भाताची शेतं बघत राहिले.

बागेत पोचलो. पाटाच्या कोरड्या तळातून विटांचे दोन खांब वर आले होते. चुन्यात बांधलेले, जाड, ओबडधोबड, एक किंचित कललेला. त्यांवर ताडाची नवी खोडं, खोडांवर फळ्या, आणि फळ्यांना खिळे. मोठाले, लोहाराकडून घडवलेले खिळे, डोकी ठोकून चेपलेली. पलीकडच्या काठावर माणिक्कम आणि चेरीतली पंधरा-वीस माणसं उभी होती. शब्द पाळणारा माणूस काय करील हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

"बघ," रघुनाथराव म्हणाले.

मामांनी बघितलं. मग ते वळले आणि काठी टेकत गोठ्याकडे गेले. "उघड," म्हणाले. रघुनाथरावांनी कुलूप काढलं. आत अंधारात मामांचा पूल रचून ठेवलेला होता. घोडे एका बाजूला, फळ्या एका बाजूला, दोरांची वेटोळी खुंटीला. वर धूळ आणि कोंबड्यांची शीट. मामांनी पंच्याने एका फळीवरचा आकडा पुसला, मग दुसरीवरचा. सावकाश, एकही न वगळता, सगळं सामान पाहिलं. बाहेर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"अण्णा, माझा पूल तुझ्या गोठ्यांत आहे. एक फळीही काठावर नाहीं."

"आणि हा?"

"हा माझा नव्हे."

"मादू, शब्द दिला होतास!"

"दिला होता. तुझा-माझा शब्द. मधें तिसरा नको, असें तूंच सांगून पाठवलेंस."

रघुनाथरावांनी हातातल्या कुलपाकडे पाहिलं. मामा काठापर्यंत चालत आले. या काठावरून त्या काठावर ते इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते, हे मला तेव्हा लक्षात आलं. पलीकडे माणसं किंचित मागे सरली. मामांनी वाकून वहाणा काढल्या, काठावर जोडीने ठेवल्या आणि अनवाणी पुलावर चढले.

माझी परतीची बस होती आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी. मामा म्हणाले होते, तूं जा, मला माणिक्कम पोचवील. पुढच्या पावसाळ्यात ते गेले तेव्हा मी पुण्यात होतो, म्हणून मला दिसलेले मामा हेच शेवटचे. बांधावरून वळून पाहिलं तेव्हा ते चेरीत एका उलट्या उखळावर बसले होते, कोणीतरी पुढे केलेल्या लोट्यातून पाणी पीत होते, आणि माणिक्कम हातवारे करून त्यांना काहीतरी सांगत होता. अलीकडच्या काठावर रघुनाथराव धाकट्या भावाच्या वहाणांपाशी उभे होते. त्या उचलाव्यात की तिथेच ठेवाव्यात, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.